एक अक्षर, दोन उच्चार

मराठी जशी बोलावी तशी लिहिली जाते, असें आपल्याकडे मोठ्या समाधानानें सांगितलें जातें, आणि त्याच भरांत इंग्रजी लेखनाची थट्टा होते. 'लीड' म्हणजे नेणें, 'लेड' म्हणजे शिसें. 'टिअर' म्हणजे अश्रु, 'टेअर' म्हणजे फाडणें. लेखन मात्र प्रत्येक जोडीचें एकच. ही थट्टा करण्याचा अधिकार आपणांस कितपत पोंचतो?

मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें पौष पौर्णिमेस यात्रा भरते. तेथील गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. त्या बाजारांत 'चार गुरें' आणि 'गुरें चार' हे शब्द ऐकणाऱ्याचा घोटाळा व्हावयाचा नाहीं. संख्यावाचक 'चार' मधील च तालव्य, तर 'चारणें' ह्या क्रियापदांतील दंततालव्य. कागदावर मात्र दोन्ही एकरूप. 'जग' (विश्व) व 'जग' (जगणें), 'वाचा' (वाणी) व 'वाचा' (वाचणें) ह्या जोड्याहि तशाच.

ह्या भेदामागें शब्दांचें कुळ आहे. देशज व तद्भव शब्दांत अ, आ, उ, ओ ह्या स्वरांपूर्वीं च, ज, झ सामान्यतः दंततालव्य होतात. इ, ए किंवा यकार येतांच तालव्य होतात. 'माझा' आणि 'माझी' हे शब्द मोठ्यानें उच्चारून पाहावे. तत्सम शब्द तालव्य उच्चार टिकवितात. म्हणून संस्कृत 'जरा' (वार्धक्य) तालव्य, फारसीतून आलेला 'जरा' (थोडें) दंततालव्य. इंग्रजी महिना 'जून' तालव्य, भेंडी मात्र दंततालव्य 'जून'. संख्यावाचक 'चार' तद्भव असून तालव्य कसा, ही शंका रास्त आहे; जुन्या मराठींतील 'च्यारी' हें रूप तिचें उत्तर देतें. यकार लेखनांतून गेला, उच्चारांत त्याची खूण राहिली.

संदर्भावरून सर्व कळतें, हा नेहमींचा बचाव. तो ज्याच्या कानांत शब्द आधींच आहे त्याच्यापुरता खरा. शहापूर-मुरबाडच्या ठाकर-कातकरी वाड्यांतील मुलाची घरची बोली पुस्तकी मराठीहून निराळी. 'जरा' म्हणजे वार्धक्य हा शब्द त्याला छापील पानावरच प्रथम भेटावयाचा. तो मुलगा ओळखीच्या 'जरा' प्रमाणेंच तो वाचील, आणि दोष त्याचा नसेल. परभाषिक विद्यार्थ्याची आणि मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्राची अडचणहि हीच.

१९६२ च्या लेखनविषयक नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यामुळें 'नांव' (अभिधान) व 'नाव' (होडी) एकरूप झालीं. परंतु तेथें उच्चारहि एकच, म्हणून तक्रारीस जागा नाहीं. जें उच्चारांत नाहीं तें लिहूं नये, हें तत्त्व मान्य झालें. जें उच्चारांत आहे तें लिहावें, ही त्याची दुसरी बाजू चवर्गापुरती तशीच पडून राहिली. रोजच्या लेखनांत अक्षराखालीं नुक्ता द्यावा, असा आमचा आग्रह नाहीं. तो भार निष्कारण होईल. मात्र शब्दकोशांत आणि पहिल्या इयत्तांच्या वाचनपुस्तकांत तो अवश्य असावा.