द्युरासबाईंचा कलकत्ता

मार्गेरीत द्युरास (१९१४–१९९६) या फ्रेंच लेखिकेने ‘कलकत्ता’ या नावाभोवती ‘उपवाणिज्यदूत’ (१९६६) ही कादंबरी, ‘इंडिया साँग’ (१९७३) ही संहिता आणि पुढे दोन चित्रपट रचले. भारतीय वाचक हे साहित्य हाती घेतो, तेव्हा त्याला प्रथम चुकाच दिसतात. कथा १९३० च्या दशकातील; पण तीत फ्रेंच राजदूताचे निवासस्थान कलकत्त्यास आहे. वस्तुतः राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा १९११ मध्येच झाली होती. पात्रे एका दुपारी मोटारीने गंगेच्या मुखाशी जाऊन पोहोचतात. मात्र या चुका काढून दाखविण्यात फारसा पुरुषार्थ नाही. ‘इंडिया साँग’च्या आरंभीच बाईंनी त्या स्वतः कबूल केल्या आहेत आणि ही नावे आपण त्यांच्या नादासाठी घेतली, असेही सांगून टाकले आहे.

खरा आक्षेप याहून गंभीर आहे. एका गोऱ्या स्त्रीच्या विषादाला पार्श्वभूमी म्हणून येथील भूक आणि कुष्ठरोग वापरावेत काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बाईंच्या जीवनाकडे वळणे प्राप्त आहे.

त्यांचा जन्म सायगॉनजवळचा. मूळ आडनाव दोनादिय. वडील १९२१ मध्ये वारले. आई शिक्षिका. तिने साठविलेली पुंजी खर्चून कंबोडियाच्या किनाऱ्याजवळ सरकारकडून शेतजमीन घेतली. दरवर्षी समुद्राचे खारे पाणी त्या जमिनीत शिरे. याच अनुभवावर ‘पॅसिफिकला घातलेला बांध’ (१९५०) ही कादंबरी उभी आहे. जमीन-महसुलाच्या कामात हयात घालविलेल्या आमच्यासारख्यास तिच्यातील तपशील ओळखीचा वाटतो. जमीन शर्तीची असते. ठरल्या मुदतीत ती लागवडीखाली आणली नाही, तर सरकारजमा होते. भूमापन खात्याचे अंमलदार चिरीमिरी देणाऱ्यास चांगली जमीन देतात आणि न देणाऱ्याच्या माथी खारवट मारतात. ती पडीक राहिली की काढून घेऊन पुढच्या भाबड्या माणसास देतात. आई बांध घालते. खेकडे त्याची लाकडे पोखरतात आणि एका रात्री बांध जातो. मग ती अंमलदारांना जे दीर्घ पत्र लिहिते, ते आमच्या मते या लेखिकेच्या गद्यातील सर्वांत समर्थ प्रकरण आहे. त्यात अन्यायाला खाते आहे, हुद्दा आहे, दर आहे.

याच लेखिकेने त्याआधी दहा वर्षे, वसाहत-मंत्रालयात नोकरीस असताना, फ्रेंच साम्राज्याच्या गौरवार्थ एक पुस्तक फिलिप रोक यांच्यासह लिहिले होते. ते १९४० साली प्रसिद्ध झाले. पुढे आपल्या ग्रंथांत त्यांनी त्याची गणना केली नाही. परंतु समीक्षकाने ते विसरू नये; कारण ‘बांध’ला जी धार आहे, ती सरकारी भाषा आतून जाणणाऱ्या लेखणीची आहे.

‘बांध’मध्येच एक भिकारीण येते. पाय जखमी झालेली ही स्त्री आपले मूल आईच्या पदरी टाकून निघून जाते. सोळा वर्षांनी ‘उपवाणिज्यदूत’मध्ये तीच बाटांबांगहून वर्षानुवर्षे चालत कलकत्त्यास पोहोचते आणि गावाच्या नावाखेरीज दुसरा शब्द तिच्या तोंडी उरत नाही. येथे लेखिकेने एक महत्त्वाची दक्षता घेतली आहे. ही कथा कादंबरीतला एक गोरा तरुण लिहीत आहे, असे तिने दाखविले आहे. म्हणजे आपण वाचतो ती भिकारीण नव्हे, भिकारणीविषयीची गोऱ्यांची कल्पना होय. तिकडे लाहोरच्या शालिमार बागेतील कुष्ठरोग्यांवर गोळ्या झाडणाऱ्या उपवाणिज्यदूताचे काय करावे, याचा विचार चालू असतो. मेले कोण, हे कोणी विचारीत नाही. यास आता कोठे नेमावे, एवढीच चिंता. नोकरशाहीचे याहून थंड चित्र आमच्या वाचनात नाही.

‘इंडिया साँग’ चित्रपट (१९७५) पॅरिसलगतच्या एका ओसाड रॉथशील्ड प्रासादात चित्रित झाला. देल्फिन सेरिग आणि मिशेल लोन्सदाल पडद्यावर मुकाट वावरतात; संवाद सगळे पडद्याबाहेरून येतात. भिकारीण तर दिसतच नाही. तिचे लाओसी गाणे आणि हसणे तेवढे कानी पडते. पुढच्याच वर्षी बाईंनी तोच ध्वनिपट जवळजवळ निर्मनुष्य अशा त्या प्रासादाच्या भग्न चित्रांवर योजून दुसरा चित्रपट केला. भिंतीआडच्या गोऱ्यांना बाहेरचा देश दिसत नव्हता, केवळ ऐकू येत होता, हे सत्य चित्र आणि ध्वनी यांच्या या फारकतीने जितके पटते, तितके दहा हजारांच्या जमावाचे चित्रण करूनही पटले नसते. भारताचे देखावे विकणाऱ्या चित्रपटांहून हा चित्रपट म्हणूनच अधिक प्रामाणिक आहे.

तरीही आमचा आक्षेप पुरता निवारण होत नाही. ‘बांध’मधील भुकेला कारण आहे आणि कारणाला नाव आहे. कलकत्त्यातील भूक मात्र उकाड्यासारखी आहे. ती कोणी आणली नाही, म्हणून तिचा जाबही कोणास विचारता येत नाही. बाईंची कला जसजशी सूक्ष्म होत गेली, तसतसा जाब विचारण्याचा तो सूर मंदावला. ‘प्रियकर’ (१९८४) या कादंबरीस गोंकूर पारितोषिक लाभले आणि जगभर कीर्ती झाली. तीत तेच कुटुंब, तीच आई पुन्हा येते, पण खारवट जमिनीचा हिशेब मागे पडलेला आहे.

म्हणून जिज्ञासू वाचकांस आमचे सुचविणे असे की, कीर्तीच्या क्रमाने न जाता त्यांनी प्रथम ‘बांध’ वाचावा आणि नंतर ‘इंडिया साँग’ पाहावा. त्या आईचे पत्र ज्याने वाचले आहे, त्याला पडद्याबाहेरचे ते गाणे नुसते गाणे वाटणार नाही. ते गाणारी बाई या कलकत्त्यापर्यंत कोठून चालत आली, हे त्याला ठाऊक असेल.