पाठ फिरवणारे घड्याळ

रणांगणावर पाठ दाखवणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात. परंतु स्वित्झर्लंडमधील एका मनगटी घड्याळाने पाठ दाखवूनच कीर्ती मिळवली. जेगर-लकूल्त्र या जुन्या घड्याळकारांचे हे 'रिव्हर्सो'. त्याची जन्मकथा मात्र हिंदुस्थानातली आहे.

मणिपूरकडून उचललेला पोलोचा खेळ इंग्रजांच्या छावण्यांतून रंगत असे. घोडा भरधाव असताना काठीचा फटका मनगटावर बसला की घड्याळाच्या काचेचा चुरा ठरलेला. १९३०-३१ च्या हिवाळ्यात सेझार द त्रे हा स्विस व्यापारी येथे आला असता एका अधिकाऱ्याने फुटके घड्याळ त्याच्यापुढे धरले, असे सांगतात. घराण्याच्या कथांना थोडी झिलई असायचीच! पुढचे मात्र कागदोपत्री आहे. ४ मार्च १९३१ रोजी रने-आल्फ्रेड शोव्हो या अभियंत्याने पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. युक्ती साधी : पट्ट्याला जोडलेली चौकट मनगटावर तशीच राहते, तिच्यातील डबी बाजूस सरकवून उलटी करायची आणि पुन्हा दाबून बसवायची. तबकडी आत जाते, धातूची पाठ वर येते.

या घड्याळाचे रूप या युक्तीतूनच आले आहे. खाचांतून सरळ सरकायचे तर कडाही सरळच हव्यात. म्हणून ते आयताकृती. वर-खाली कोरलेल्या तीन-तीन रेघा तेवढ्या शोभेच्या. मरीन ड्राइव्हवरच्या जुन्या इमारती आणि 'इरॉस' चित्रपटगृह ज्यांनी डोळे भरून पाहिले आहे, त्यांना हे आर्ट डेकोचे वळण ओळखीचे वाटेल. इतक्या थोडक्यात थांबणे सर्वच कारागिरांना साधत नाही.

वारशाचा अभिमान मिरवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्या रिव्हर्सोंतले यंत्र घरचे नव्हते. ते ताव्हान या दुसऱ्या कारखान्याचे होते. म्हणजे मोठेपण होते ते कल्पनेचे.

पुढे न फुटणाऱ्या काचा आल्या आणि पाठ फिरवण्याचे मूळ कारणच उरले नाही. घड्याळ विस्मृतीत गेले. १९७२ साली जॉर्जो कोर्व्हो या इटालियन विक्रेत्याने कारखान्यात पडून असलेल्या दोनशे रिकाम्या डब्या घेतल्या, त्यांत यंत्रे बसवली, आणि ती घड्याळे हातोहात खपली! १९८५ मध्ये डबी नव्याने, पाण्याला दाद न देणारी अशी घडवली गेली. गरज सरली तरी ओढ का उरली, हाच माझ्या मते या घड्याळाविषयीचा खरा प्रश्न आहे.

उत्तर त्या कोऱ्या पाठीत आहे. बोटभर धातूच्या त्या पाटीवर लोकांनी आद्याक्षरे कोरून घेतली, लग्नाच्या तारखा कोरल्या, मिनाकारीत चित्रे काढवली. पुढची बाजू सर्वांची वेळ दाखवते. मागची बाजू एकाच माणसाची असते. आजोबांच्या अंगठीचे किंवा आईच्या पाटल्यांचे मोल सराफाच्या तराजूवर ठरत नाही, हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

म्हणूनच या मालिकेतील अलीकडच्या काही करामतींविषयी मन साशंक होते. १९९४ च्या 'ड्युओफेस'ने पाठीवर दुसरी तबकडी बसवली; एकच यंत्र दोन गावांची वेळ दाखवते. मुलगा परदेशी असलेल्या आईबापांना तिचा अर्थ लगेच कळेल; तेथे पाठीला नवे काम मिळाले. परंतु २०२१ साली चार तबकड्यांचे घड्याळ निघाले, तेही अवघे दहा नग. चौकटीच्या पाठीवरदेखील चंद्राच्या कला! बुद्धिवैभव थक्क करणारे खरे. पण मालकाने आपले नाव कोरायचे कोठे?

किमतीचे म्हणाल तर साधे रिव्हर्सोदेखील आपल्यासारख्यांच्या खिशाला परवडणारे नव्हे. तरीही परीक्षक म्हणून निवड करायची झाली, तर मी पोलादी डबीचे, चावीचे, कोऱ्या पाठीचे रिव्हर्सोच उचलीन. फटका चुकवण्यासाठी जन्मलेल्या त्या पाठीने पुढे माणसांच्या आठवणी सांभाळल्या. वारसा म्हणतात तो हाच.