बेंझीनचे अध्यापन : स्वप्न आणि पुरावा

पदवीस्तरावरील अनेक पाठ्यपुस्तकांत बेंझीनचे विवेचन केकुलेच्या स्वप्नापासून सुरू होते. केकुलेने वलयाकार रचना १८६५ मध्ये मांडली. स्वप्नाची हकिगत मात्र जाहीरपणे १८९० मध्ये सांगितली. याउलट, १९२९ मध्ये हेक्झामिथिलबेंझीनच्या स्फटिकाचा क्ष-किरणांनी अभ्यास करून वलय सपाट असल्याचे दाखविणाऱ्या कॅथलीन लॉन्सडेल यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. परिणामी, दुहेरी बंध सतत जागा बदलतात, असा विद्यार्थ्यांचा गैरसमज होतो. वस्तुतः सहाही कार्बन-कार्बन बंध समान, सुमारे १.३९ अँगस्ट्रॉम लांबीचे असतात. तीन स्वतंत्र दुहेरी बंध गृहीत धरल्यास हायड्रोजनीकरणात सुमारे ३६० किलोज्यूल प्रतिमोल उष्णता मुक्त व्हावी. प्रत्यक्षात सुमारे २०८ होते. अॅरोमॅटिक स्थैर्याचा हा पुरावा आधी व आख्यायिका नंतर, असा क्रम अध्यापनात असावा.