हापशाची अर्धी गोष्ट

जॉन स्नोची गोष्ट आपण वर्गात सांगतो ती अशी : १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याची साथ आली, स्नोने मृतांची घरे नकाशावर मांडली, हापशाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली. गोष्ट छान आहे, पण तिचा शेवट खरा नाही. ८ सप्टेंबरला दांडा निघाला तेव्हा साथ ओसरू लागलीच होती. बरेच लोक घरे सोडून पळाले होते. हे स्नोनेच लिहून ठेवले आहे. नकाशाही त्याने नंतर काढला. १८५५ मध्ये आरोग्य मंडळाच्या शास्त्रीय समितीने त्याचे म्हणणे फेटाळले. रोग दुर्गंधीतून होतो, हे मत तेव्हा पक्के होते. त्याच वर्षी स्नोने हाडे उकळणाऱ्या कारखानदारांच्या बाजूने संसदीय समितीपुढे साक्ष दिली, म्हणून ‘लॅन्सेट’ने त्याला झोडपले.

१८५८ च्या उन्हाळ्यात मात्र थेम्स नदीला इतकी घाण येऊ लागली की संसद सदस्यांना सभागृहात बसवेना. मग काही आठवड्यांतच कायदा होऊन भुयारी गटारांचा मार्ग मोकळा झाला. कारण चुकीचे, काम योग्य! स्नो त्याच जूनमध्ये वारला होता.

मुलांकडून नकाशा जरूर काढून घ्यावा. सोबत एवढे विचारावे : पुरावा समोर असताना समितीला तो का पटला नाही?