मुळशीचा मावळा : कर्ता कीं कर्म ?

आपल्या भाषेंत घरादारास मुकलेल्या माणसासाठीं जे शब्द रूढ झाले आहेत, त्यांची थोडी चिकित्सा केल्यास एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. निर्वासित म्हणजे ज्याला आपला वास सोडावयास लावलें तो. विस्थापित म्हणजे ज्याला जागेवरून हलविलें तो. आणि धरणग्रस्त म्हणजे ज्याला धरणानें ग्रासलें तो. तिन्ही शब्दांचें रूप कर्मणि आहे. क्रिया दुसऱ्या कोणी तरी केली, आणि हा बिचारा केवळ तिचा विषय झाला, असा या शब्दांचा भाव. ही गोष्ट व्याकरणापुरतीच राहिली असती तर तिजबद्दल लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु शब्दांमागून विचार चालतो आणि विचारामागून व्यवहार. ज्याला आपण कर्म म्हणून ओळखतों, त्याला सभेंत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसविण्याचें आपल्याला सुचत नाहीं. त्याच्यासाठीं आपण निधि जमवितों, व्याख्यानें देतों, कादंबऱ्या लिहितों. त्याचें पुढारपण मात्र त्याच्याकडे सोंपवीत नाहीं.

हा दोष केवळ राजकारणाचा नसून वाङ्मयाचाही आहे, असें आम्हांस वाटतें; आणि तें दोन मराठी पुस्तकांच्या आधारें येथें तपासून पाहण्याचा विचार आहे. पहिलें पुस्तक इतिहासाचें : राजेंद्र व्होरा यांचें 'मुळशी सत्याग्रह' (१९९४). दुसरी कादंबरी : विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१). एकाचा विषय १९२१ ते १९२४ या काळांतला, दुसरीचा स्वातंत्र्यानंतरचा. एकांत कागदपत्रांचा आधार, दुसरींत कल्पनेचा. तरीही एकामागून एक वाचलीं असतां तीं एकाच दुःखाचे दोन खंड वाटतात.

मुळशीची हकीकत थोडक्यांत अशी. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेल्या या भागांत नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचें, तें पाणी घाटाखालीं भिरा येथें सोडून वीज निर्माण करावयाची आणि ती मुंबईस पुरवावयाची, अशी टाटा कंपनीची योजना होती. तीपायीं पन्नासांहून अधिक गांवें आणि सुमारें ११,००० माणसें उठणार होतीं. सरकारनें १८९४ च्या जमीन संपादनाच्या कायद्याचें हत्यार कंपनीच्या हातीं दिलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं धरणाच्या कामावर सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. कांहीं काळ काम थांबलें, पुन्हां सुरू झालें. स्त्रीपुरुष तुरुंगांत गेले. अखेरीस १९२४ सालीं बापटांनीं धरणाची आगगाडी अडविली व त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर सुरू झालें. गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि बापटांना 'सेनापति' ही पदवी कायमची चिकटली.

आमच्या सुशिक्षित घरांतून ही कथा बहुधा येथेंच संपते. मुलांना सेनापतींचें नांव ठाऊक असतें; ज्या सेनेचे ते पति, त्या सेनेचें पुढें काय झालें हें विचारण्याची कोणास आठवण राहत नाहीं. व्होरा यांच्या ग्रंथाची थोरवी हीच, कीं त्यांनीं तो प्रश्न विचारला. पुणें विद्यापीठांत राज्यशास्त्राचें अध्यापन करणाऱ्या या लेखकानें बापटांच्या त्यागास कोठेंही उणेपणा आणलेला नाहीं. त्यांनीं फक्त एवढेंच पाहिलें, कीं बुडणारी जमीन कसत कोण होतें आणि ती कागदावर कोणाच्या नांवानें होती.

या एका प्रश्नासरशीं सगळें चित्र पालटतें. मावळांतील पुष्कळशी जमीन कर्जापायीं सावकारांकडे गेलेली होती, आणि त्यांतले कित्येक पुण्यास राहत होते. मावळा आपल्या आजाच्या शेतांत कूळ म्हणून राबत होता. सावकाराच्या दृष्टीनें जमीन म्हणजे वहींतला आंकडा. त्या आंकड्याऐवजीं दुसरा, अधिक मोठा आंकडा मिळाला तर त्याचें कांहींच बुडणार नव्हतें. कुळाच्या दृष्टीनें जमीन म्हणजे भाताचें खाचर, बैलाचा चारा, पोरीच्या लग्नाची हमी आणि गांवांतलें स्थान. मोबदला नांवावर मिळतो, नांगरावर मिळत नाहीं. त्यामुळें 'धरण नको' आणि 'मोबदला वाढवून द्या' या दोन मागण्या एकाच सभेंत शेजारीं बसल्या तरी त्यांच्या वाटा भिन्न होत्या. पहिली पुरी झाली असती तर कूळ जगलें असतें. दुसरी पुरी झाल्यानें जमीनमालकाचें समाधान होण्यासारखें होतें. पुण्याच्या पुढाऱ्यांतही या बाबतींत एकवाक्यता नव्हती.

येथें कोणी आक्षेप घेईल, कीं पुण्याची मंडळी मदतीस धांवली नसती तर डोंगरांतल्या अडाणी कुळांनीं बलाढ्य कंपनीपुढें काय केलें असतें? आक्षेप रास्त आहे. वकील, वृत्तपत्र, वर्गणी, सरकारदरबारीं बोलण्याची रीत, यांपैकीं एकही साधन मावळ्यापाशीं नव्हतें. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे तरुण तेथें जाऊन राहिले नसते तर सत्याग्रहाचा आरंभही कठीण होता. पण साह्य करणें निराळें आणि सूत्रें हातीं ठेवणें निराळें. ज्यानें पोहावयास शिकविलें तो काठावर गेला तरी शिकलेला माणूस तरतो. ज्यानें नुसतें खांद्यावर घेतलें तो दमला, कीं दोघेही बुडतात. पुढारी तुरुंगांत गेले किंवा थकले, त्यानंतर लढा आपल्या हातीं घेऊन चालवील अशी फळी मावळ्यांच्या घरांतून उभी राहिली नाहीं. ही मावळ्यांची नालायकी नव्हे. तशी फळी उभी करणें हें त्या काळच्या पुढारपणाच्या कल्पनेंतच बसत नव्हतें.

व्होरा यांच्या ग्रंथाबद्दल एक तक्रार मात्र नोंदविली पाहिजे. ग्रंथ मिटल्यावर वाचकाच्या कानांत घुमत राहतात ते पुढाऱ्यांचे शब्द. मावळ्याचे शब्द शोधावे लागतात. याचा दोष ग्रंथकारापेक्षां साधनांकडे अधिक जातो. सरकारी दप्तर सरकारनें लिहिलें, वृत्तपत्रें शहरानें लिहिलीं, आणि भुस्कुटे यांनीं याच विषयावर लिहिलेलें पुस्तकही कार्यकर्त्याचें आहे, कुळाचें नव्हे. परंतु म्हणून मावळा मुका होता असें समजणें चूक ठरेल. हेमा राईरकर आणि गी प्वातवां या दोघांनीं मुळशी, मावळ आदिकरून महाराष्ट्रांतील अनेक गांवांतल्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ज्या बायकांना कोणी सभेंत बोलाविलें नाहीं त्यांनीं पहांटेच्या अंधारांत सासर, माहेर, शेत, दुष्काळ आणि देव यांवर आपला अभिप्राय देऊन ठेवला होता. मावळांत बोलणारे पुष्कळ होते. उणीव होती ती ऐकणाऱ्यांची.

आतां 'झाडाझडती'. महसूल खात्यांत अधिकारी असलेल्या लेखकाची ही कादंबरी. १९९२ सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. तिचा मोठा विशेष म्हणजे तिनें कचेरीला मराठी कादंबरींत आणलें. अर्ज, पंचनामा, सात-बाराचा उतारा, मोबदल्याची यादी, साहेबाच्या दारापुढची तिष्ठत, या रुक्ष वस्तूंना तिच्यांत नियतीचें रूप आलें आहे. पूर्वींच्या कादंबऱ्यांत जें काम दुष्ट सावकार करी, तें येथें एक कागद करतो, आणि त्या कागदाचा कोणावर राग नसतो, हेंच अधिक भयंकर.

या कादंबरींतले खैरमोडे गुरुजी आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचे आहेत. ते बाहेरून आलेले पुढारी नव्हेत; गांवाबरोबर उठलेले शाळामास्तर आहेत. म्हणजे व्होरा यांच्या इतिहासांत जी जागा रिकामी दिसते, ती येथें कादंबरीकारानें भरून काढली आहे. गुरुजींचा कायद्यावर विश्वास आहे, अर्जावर विश्वास आहे, सरळ माणसाला सरळ उत्तर मिळेल यावर विश्वास आहे. त्यांच्या हाताला लेखणी आहे. तिला बळ देणारी संघटना मात्र दुबळी आहे. आंतून आलेलें पुढारपण आपोआप यशस्वी होत नाहीं, हें कटु सत्य लेखकानें न लपवितां सांगितलें आहे. मात्र दुःखावर दुःख रचण्याच्या ओघांत लेखक इतका वाहवत जातो, कीं वाचकाचा जीव गुदमरतो आणि तो कींव करूं लागतो. कींव ही सुखवस्तु वाचकाची मोठी सोय आहे. डोळे पुसले, कीं आपलें कर्तव्य झालें असें त्याला वाटतें. गुरुजींच्या हालांइतकाच त्यांचा युक्तिवाद वाचकाच्या मनावर ठसता, तर ही कादंबरी आहे त्याहूनही मोठी झाली असती.

निर्वासित माणूस स्वतःचा कारभार पाहूं शकत नाहीं, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं कोल्हापुराजवळील वळिवडे आठवावें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत रशियांत हद्दपार झालेले सुमारें ५,००० पोलिश लोक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुलें, १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथें राहिले. त्यांच्या शाळा, त्यांचें प्रार्थनामंदिर, त्यांचे उत्सव आणि वसाहतीची बरीचशी व्यवस्था त्यांच्याच माणसांच्या हातीं होती. हे लोक मावळ्यांहून उपजत शहाणे होते असें नव्हे. त्यांच्या पाठीशीं लंडनमधील त्यांचें सरकार होतें, पैसा होता आणि शिक्षकवर्ग होता. साधनें हातीं आलीं, कीं घर गमावलेला माणूसही कर्ता होतो, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडेही ही जाणीव उशिरा कां होईना उगवली. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथ नायकवडी, भारत पाटणकर यांच्या प्रयत्नांनीं धरणग्रस्त शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली आणि 'आधीं पुनर्वसन, मग धरण' हें सूत्र पुढें आलें. हींही मंडळी सारीं धरणग्रस्त नव्हतीं. परंतु या सूत्रांतली मागणी सावकाराच्या सोयीची नसून उठणाऱ्या माणसाच्या गरजेची आहे. १९७६ सालीं महाराष्ट्रानें विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला व धरणाचें पाणी ज्यांना मिळणार त्यांच्या जमिनींतून कांहीं हिस्सा उठलेल्यांस देण्याचें तत्त्व मान्य केलें. मुळशीवर चाललेला १८९४ चा कायदा मात्र २०१३ सालच्या नव्या कायद्यानें रद्द होईपर्यंत टिकला. नव्या कायद्याच्या व्याख्येंत जमिनीचा मालकच नव्हे, तर तिच्यावर पोट असणारें कूळ, शेतमजूर आणि कारागीर हींही बाधित कुटुंबांत मोडतात. मुळशीच्या कुळाचें अस्तित्व कायद्यानें मान्य करावयास नव्वद वर्षें लागलीं. ही ओळ कायद्यांत आली तरी ती वाचून तिच्यावर हक्क सांगणारा माणूस गांवांत नसेल, तर ती ओळही अखेरीस दुसऱ्याच्याच उपयोगी पडेल.

हा विचार आतां जुन्या इतिहासाचा उरलेला नाहीं. मुळशी तालुक्याच्या पूर्व अंगास, हिंजवडी आणि मारुंजी यांच्या शेजारीं, नेरे हें गांव आहे. टाटांच्या तलावाचें पाणी नेऱ्यापर्यंत आलें नाहीं; परंतु शहर आलें आहे. हिंजवडीस संगणक-उद्योगाची वसाहत उठली, आणि पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यासाठीं याच तालुक्यांतील जमिनींची मोजणी झाली. भाव चांगला मिळतो, म्हणून या वेळीं 'जान किंवा जमीन' ही घोषणा ऐकूं येत नसेल. तथापि सात-बारावर नांव कोणाचें, राबणारे हात कोणाचे, आणि बोलणी करावयास गांवाच्या वतीनें कोण बसतो, हे १९२१ चे तिन्ही प्रश्न नेऱ्याच्या आसपास आजही विचारण्यासारखे आहेत. नेऱ्यांतल्या शाळेंत शिकलेल्या मुलीला संपादनाची नोटीस वाचून तिचा अर्थ घरांतल्या वडील माणसांना सांगतां येत असेल, तर पुढारपणाचा पाया तेथें पडला असें समजावें.

आमच्या वाचककुटुंबांस शेवटीं एवढेंच सुचवावेंसें वाटतें. विस्थापितांवरील कोणतेंही पुस्तक हातीं आलें, कीं त्यांतील वाक्यांचा कर्ता कोण आहे तें पाहावें. सरकारनें दिलें, पुढाऱ्यानें केलें, लेखकानें पाहिलें, अशींच वाक्यें भेटत गेलीं तर पुस्तक कितीही करुण असो, तें अपुरें आहे. व्होरा आणि पाटील या दोघांनीं हें अपुरेपण आपापल्या परीनें कमी केलें, याबद्दल मराठी वाचकानें त्यांचें ऋणी राहिलें पाहिजे. परंतु मुळशीच्या त्या पन्नासांवर गांवांतल्या एखाद्या कुळाच्या नातवानें किंवा नातीनें आपल्या घराची हकीकत आपल्या शब्दांत लिहिलेली अजून यावयाची आहे. ती येईपर्यंत मुळशी सत्याग्रहाचा इतिहास पुरा झाला असें म्हणतां येणार नाहीं.