शेऱ्याविना स्वाध्याय

देवळ्यात बसून दूरशिक्षणाबद्दल बोलायचं तर सुरुवात नाशिकपासून करावी लागते. १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तिथे स्थापन झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. कांदा काढणीच्या दिवसांत कॉलेजची हजेरी ज्यांना जमत नव्हती, लग्नानंतर ज्या मुलींचं शिकणं थांबलं होतं, त्यांना या दारातून आत येता आलं. हे काम आम्ही लहान मानत नाही.

आमची टीका आहे ती पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या घडणीवर, आणि ती कुठल्या एका विद्यापीठापुरती नाही.

स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांचा साचा तुमच्या परिचयाचा असेल. आरंभी उद्दिष्टे, मग छोटे छोटे भाग, मध्ये स्वतःला तपासण्याचे प्रश्न आणि घटकाच्या शेवटी त्यांची उत्तरं. जमाखर्च शिकायला हा साचा उत्तम. पण एम. ए.ला? कर्तव्याबद्दल कांट काय म्हणतो, हे चार ओळींत छापता येईल. त्याचं म्हणणं तुम्हाला पटतं का, नसेल तर नेमकं कुठे अडतं, याचं उत्तर कोणत्या पानावर छापणार? प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिसची तक्रार हीच आहे: लिखित शब्दाला काही विचारा, तो पुन्हा तेच सांगतो. (ही तक्रारसुद्धा आपल्याला लिखित शब्दानेच कळली, ते सोडा.)

तेव्हा दूरशिक्षणात शिक्षक भेटतो तो स्वाध्यायाच्या समासात. ‘हे कशावरून?’ एवढे दोन शब्द तिथे लाल शाईत असले, तरी विद्यार्थी पुन्हा पुस्तक उघडतो. नुसता ‘२० पैकी १४’ हा शेरा नव्हे, ती पावती झाली. यूजीसीच्या २०२० च्या विनियमांनी सत्रातल्या सातत्यपूर्ण मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के भार दिला, सत्रान्त परीक्षेला किमान ७०. घरी लिहिलेलं नक्की कोणी लिहिलं, ही शंका रास्त आहे. पण भार जिकडे, तिकडेच सगळ्यांचं लक्ष. आणि तपासनिसाला मानधन नगावर मिळणार असेल, तर तो समासात लिहीत बसेल कशाला?

आता या अभ्यासक्रमांचंच मूल्यमापन. कार्यक्रमाचा प्रकल्प अहवाल असतो, अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्र असतं, कागद चोख. चर्चा मात्र प्रवेश किती नि निकाल किती टक्के एवढ्यावरच थांबते. निकाल परीक्षेला बसलेल्यांचा काढला, की मधेच गळालेले हिशेबातच येत नाहीत. ते कितव्या स्वाध्यायानंतर गेले, शेवटचा स्वाध्याय त्यांच्याकडे परत आला होता का, हे आधी विचारायला हवं. व्हिडिओ व्याख्यानांनी ही अडचण सुटत नाही. आमचं हेच बोलणं बघा ना: तुम्हाला ते मोबाईलवर थांबवता येईल, आम्हाला अडवता येणार नाही.

आमची सूचना खर्चिक नाही, बरं का. प्रत्येक अभ्यासकेंद्रातून चिठ्ठ्या टाकून दहा विद्यार्थी निवडा. प्रत्येकाचा पहिला नि शेवटचा स्वाध्याय शेजारी शेजारी ठेवा. युक्तिवाद वाढला का ते पाहा, समास कोरे आहेत का ते पाहा. वाचणारे त्या केंद्राबाहेरचे असावेत, आणि जे दिसेल ते पुढच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापावं.