अंधारासकट दिलेला प्रवास

गाडी बर्गेनचा फलाट सोडते तेव्हा ही फिल्म सुरू होते आणि ऑस्लो आलं की संपते. मध्ये सुमारे सव्वासात तास. पात्रं नाहीत, गोष्ट नाही, कुणी काही समजावून सांगत नाही. इंजिनाच्या नाकावर लावलेला कॅमेरा पुढचे रूळ पाहत राहतो आणि आपण त्याच्याबरोबर.

ही फिल्म नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेची, एनआरकेची. बर्गेन-ऑस्लो लोहमार्गाला २००९ मध्ये शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने २७ नोव्हेंबरला, शुक्रवारच्या ऐन संध्याकाळी, एनआरकेने आपल्या दुसऱ्या वाहिनीवर हा अख्खा प्रवास मिनिटामिनिटाने दाखवला. देशाची लोकसंख्या तेव्हा अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास. त्यातल्या बारा लाखांनी तो थोडाफार तरी पाहिला. एका शहात्तर वर्षांच्या प्रेक्षकाचा किस्सा निर्माते थॉमस हेलुम सांगतात. सगळा प्रवास पाहून झाल्यावर ऑस्लो आलं, तसे हे आजोबा सामान काढायला उठले आणि घरातल्या पडद्याच्या दांडीवर त्यांचं डोकं आपटलं. पुढे ‘स्लो टीव्ही’ या नावाने जगभर गाजलेल्या प्रकाराची सुरुवात इथूनच मानतात.

पण मला लिहायचंय ते टीव्हीवर दिसलेल्या कार्यक्रमाबद्दल नाही. तो झाल्यावर थोड्याच दिवसांत, एनआरकेमध्ये तांत्रिक प्रयोग करणाऱ्या ‘एनआरकेबीटा’ या गटाने इंजिनावरच्या कॅमेऱ्याचं सबंध चित्रण लोकांना देऊन टाकलं. फाइलला कुलूप नाही आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना: श्रेय द्या, मग उतरवून घ्या, वाटा, बदला. म्हणजे एकाच प्रवासाचे दोन पाठ झाले. मला दुसरा जास्त आवडतो, आणि त्याचं कारण बोगदे.

या मार्गावर १८२ बोगदे आहेत. टीव्हीवर दाखवताना निर्मात्यांना साहजिकच धास्ती होती. पडदा काळा झाला की माणूस रिमोटकडे हात नेणार. म्हणून प्रत्येक मोठ्या बोगद्यात त्यांनी जुनी चित्रणं पेरली. युक्ती सुरेखच होती, कारण बोगद्याच्या अंधारात रेल्वेचा भूतकाळ दिसावा यात एक गंमत आहे. पण त्या जुन्या चित्रणांचे, गाण्यांचे हक्क अनेकदा दहा हातांत विखुरलेले असतात. लोकांना देताना एनआरकेने जे निखळ स्वतःचं होतं तेवढंच दिलं, एका कॅमेऱ्याने पाहिलेलं. त्यामुळे दिलेल्या पाठात बोगदे बोगदेच राहिले.

आणि ते पहिल्यापासूनच आहेत. बर्गेन सुटतं न सुटतं तोच गाडी उलरिकेन डोंगराच्या पोटात शिरते. साडेसात किलोमीटरहून लांब बोगदा. चित्रपट सुरू होऊन प्रेक्षक जरा टेकतोय, तेवढ्यात कित्येक मिनिटं काळोख! कुठल्याही संकलकाने हात जोडून नको म्हटलं असतं. इथे मात्र त्या काळोखाला काम आहे. बोगदा सरळ असेल तर समोर एक ठिपका दिसतो आणि मोठा होत जातो. वळणाचा असेल तर उजेड एकदम अंगावर येतो. तासाभरात डोळ्याला हा फरक कळायला लागतो, आणि मग आपण अंधारातही काहीतरी पाहत असतो. जुनी चित्रणं पेरलेल्या पाठात ही सवय लागायला फुरसतच मिळत नाही.

व्हॉस मागे पडलं की चढ लागतो. मिर्डालपर्यंत बोगद्यांची माळ. अंधार, झटकन एक दरी, पुन्हा अंधार. मग झाडं खुजी होत होत नाहीशी होतात आणि उरतो तो उघडा माळ: दगड, पाणी, आभाळ. फिन्से हे १२२२ मीटर उंचीवरचं स्टेशन, नॉर्वेतल्या रेल्वेचं सर्वांत उंच. तिथे मोटाररस्ता जात नाही. (‘स्टार वॉर्स’च्या दुसऱ्या चित्रपटातला बर्फाळ ग्रह इथेच चित्रित झाला होता, परग्रह म्हणून खपावी अशीच जागा आहे.) सगळ्या प्रवासातलं हे सर्वांत देखणं ठिकाण, पण कॅमेरा त्याच्यासाठी रेंगाळत नाही. दहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून बाहेर पडून तो इथे पोचतो, गाडी जेवढी थांबते तेवढाच थांबतो आणि पुढे निघतो. ‘हे बघा, हे सुंदर आहे’ असं बोट दाखवणारं कुणीच नाही. काय पाहायचं ते प्रेक्षकाने ठरवायचं.

फिल्म ज्या रीतीने दिली गेली तीही याच स्वभावाची होती. टीव्हीच्या मनोऱ्याला प्रेक्षक दहा असोत की दहा लाख, खर्च तोच. इंटरनेटवर प्रत्येक नवा प्रेक्षक सर्व्हरवर नवा भार टाकतो, आणि सात तासांच्या उत्तम दर्जाच्या चित्रणाचा भार लहान नसतो. एनआरकेने त्यासाठी बिटटोरंट निवडलं. यात फाइलचे हजारो तुकडे होतात आणि घेणाराच घेता घेता पुढे देत जातो. तुकडे क्रमाने येत नाहीत. तुमच्या संगणकात बर्गेनच्या आधी फिन्से पोचेल, उलरिकेनचा निम्मा अंधार एकाकडून येईल, निम्मा दुसऱ्याकडून. प्रत्येक तुकडा मुळाबरहुकूम आहे की नाही हे ठशासारख्या एका आकड्यावरून तपासलं जातं, आणि सगळे जमले की गाडी पुन्हा बर्गेनहून सुटते.

ही निवड तेव्हा साधी नव्हती. टोरंट म्हणजे चोरीचा माल, असं समीकरण पक्कं होतं. एप्रिल २००९ मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने ‘द पायरेट बे’ ही टोरंटची साइट चालवणाऱ्यांना एकेक वर्षाची कैद सुनावली. त्याच्या महिनाभर आधी शेजारच्या देशात, तेव्हा लोकांच्या वार्षिक शुल्कावर चालणाऱ्या एनआरकेने स्वतःचा टोरंट ट्रॅकर, म्हणजे घेणाऱ्या-देणाऱ्यांची गाठ घालून देणारा सर्व्हर, उभा केला होता. तोही ओपनट्रॅकर या मुक्त सॉफ्टवेअरवर. पायरेट बेने वापरलं होतं तेच. मला यात बंडखोरीचा आव दिसत नाही, आणि तेच आवडतं. हिशेब सरळ होता: चित्रणाचे पैसे लोकांनी आधीच भरले आहेत, तंत्र स्वस्त आहे, कुणीही वापरू शकतं, मग कुलपाचा खर्च कशाला?

मिळालेली फाइल लोकांनी जपून ठेवली तशी मोडलीही. कुणी ती भन्नाट वेगाने पळवून सात तासांची काही मिनिटं केली. अशा आवृत्त्यांमध्ये नेमका अंधार लुकलुकत निघून जातो आणि माझ्या मते फिल्मचा प्राणही. पण तो हक्क परवान्यातच दिलेला आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

शेवटचा टप्पा सगळ्यात नीरस. ह्योनेफॉसनंतर उंची संपलेली, डोंगर मागे गेलेले. ड्रामेनपासून तर गावं, तारा, सिग्नल, शेजारून धावणाऱ्या लोकल गाड्या. कुठल्याही शहराच्या वेशीवर दिसतं ते. एखाद्या चांगल्या संकलकाने फिन्सेच्या आसपास चित्रपट संपवला असता आणि तो चुकला असं कुणी म्हटलं नसतं. एनआरकेने मात्र रुळांच्या जाळ्यातून वाट काढत गाडी ऑस्लोच्या फलाटापर्यंत नेली. ज्याला हा भाग नको असेल त्याने फाइल उतरवून घ्यावी आणि फिन्सेला कापावी.